बहिरूला विचारा

१

आधी शपथ घेतो. खाली लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. मी, धनाजी, वय एक्कावन्न, राहणार घोटावडे, आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही. हे वाक्य आमच्या गावात कुणी वाचलं तर त्याच्या नाकातून चहा येईल, म्हणून दुरुस्ती करतो: बोललोय, पण त्यात कुणाचं नुकसान झालेलं नाही. तेही पुरतं बरोबर नाही. जाऊ द्या. शपथ तेवढी लक्षात ठेवा.

गावात माझी ओळखच थापाड्या अशी. धरणात बुडालेल्या देवळाची घंटा मी बुडी मारून वाजवून आलो. वाट चुकलेल्या बिबट्याला बुलेटवर मागं बसवून पिरंगुटच्या चढापर्यंत सोडला, आणि उतरताना त्यानं मागं वळून बघितलं. असल्या गोष्टी डेअरीच्या कट्ट्यावर सकाळी दूध घालायला आलेली माणसं उभ्याउभ्या ऐकायची. कुणी दात काढले की मी म्हणायचो, “खोटं वाटतंय? बहिरूला विचारा.”

बहिरू माझा शाळेपासूनचा सोबती. धनगराचा. खांद्यावर घोंगडी, मागं शेळ्या, आणि कट्ट्याच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उभा. त्याला खोटं बोलता यायचं नाही. शिकवलं तरी यायचं नाही. पण मित्राला चारचौघांत तोंडघशी पाडणंही त्याला जमायचं नाही. मग तो मान खाली घालायचा आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढायचा. सर्र, सर्र. लोक हसायचे. तिथं माझी गोष्ट संपायची.

२

जमिनीचा बराचसा भाग वडिलांनीच विकला होता. शेजारच्या नांदे गावात एक तुकडा उरला होता, त्यावर मी बँकेचं कर्ज काढून दहा खोल्या बांधल्या. एका ओळीत, पुढं पडवी, वर पत्रा. हिंजवडीला कामाला येणारी पोरं सुरुवातीला खोलीत चार-चार राहिली. मग समोर लिफ्टवाल्या सोसायट्या झाल्या, आमच्या बोअरचं पाणी आटलं, टँकरचा खर्च भाड्यावर गेला, आणि मागच्या दिवाळीपर्यंत सात खोल्यांना कुलपं लागली.

बँकेचा हप्ता भरायला फायनान्सवाल्याकडून घेतलं. फायनान्सचा भरायला मोबाइलवरच्या ॲपवरून घेतलं. ॲपवर पाच मिनिटांत पैसे येतात, बँकेसारखा मॅनेजरसमोर घसा कोरडा करावा लागत नाही. फक्त दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि नंबर मागतात. पहिलं नाव मी बायकोचं, उषाचं दिलं. दुसरं नाव लिहिताना माझ्यातला जुना खोडकर माणूस जागा झाला. मी बहिरूचं नाव लिहिलं.

बहिरूला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शेळ्या रस्ता ओलांडत होत्या, शेवटची शेळी पलीकडं गेली आणि त्याला डंपरनं उडवलं. त्याच्या बंडीच्या खिशातल्या साध्या फोनचे तीन तुकडे झाले. ते तुकडे त्याची बायको गोजराबाई हिनं डब्यात घालून देव्हाऱ्याखाली ठेवलेत, मी डोळ्यांनी पाहिलेत.

म्हटलं, मेलेल्याला कोण फोन लावणार, आणि लावला तरी उचलणार कोण. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

३

हप्ते थकले आणि साहिल माझ्या आयुष्यात आला. हा वसुलीवाला. मी त्याला कधी बघितलेलं नाही, पण आवाज इतका ओळखीचा झाला होता की तो शिंकला तरी कळलं असतं. सकाळी आठ ते संध्याकाळी सातच फोन करायचा, असा त्यांना नियम आहे. तेवढा एक नियम तो पाळायचा. आठला काटा आला की फोन वाजायचा. पहिल्या महिन्यात “सर”, दुसऱ्यात “काका”, तिसऱ्यात जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.

नंतर त्यानं माझ्या फोनमधल्या सगळ्यांना गाठलं. मेहुण्याला, डेअरीच्या चेअरमनला, केस कापणाऱ्याला. माझा फोटो, खाली लाल अक्षरात ‘चोर’, असा उषाच्या बचत गटाच्या ग्रुपवर आला. त्या दिवसापासून उषा गटाला जायची बंद झाली. सकाळी भाकरी करताना फोन वाजला की तिचा हात परातीत तसाच थांबायचा, वाजायचा थांबला की पुन्हा थापायला लागायची.

मग मी दिवसा नांद्याच्या खोल्यांत लपायला लागलो. रोज वेगळी खोली. उषा बाहेरून कुलूप लावून घरी जायची, दुपारी तीनला येऊन उघडायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, खोली रिकामी आहे.

चौथ्या दिवशी साडेदहाला फोन आला. साहिल आज शिव्या देत नव्हता. दमल्यासारखा वाटला. म्हणाला, “काका, चार नंबर के खोली में बैठे हो. कुलूप बाहर से है. कशाला हे सगळं?”

मी विचारलं, कोण म्हणतं.

“तुमचाच रेफरन्स. बहिरू काका. बहोत सीधा आदमी है. जे विचारलं ते सांगतो.” वर म्हणाला, “मागे बकऱ्यांचा आवाज लई असतो त्यांच्या. दोन दोनदा विचारावं लागतं.”

४

मी काही अडाणी नाही. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे मला माहीत होतं. तो दुसरा कुणीतरी शेळ्यावाला असेल. मी स्वतः नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाईनं मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत. पिरंगुटच्या मोबाइलवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, हा नंबर अजून कुणालाच दिलेला नाही.

मग ॲपच आपल्यावर नजर ठेवत असणार. ॲप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून जांबे गावाला निघालो, घरात कुणाला न सांगता, आणि वाटेत मनात आलं म्हणून एका टपरीवर चहाला थांबलो. चहा अर्धा प्यालो नाही तोवर वसुलीचे दोघे जण मोटारसायकलवरून उतरले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले. एकानं विचारलं, “धनाजी तुमीच ना? निळा शर्ट म्हटले होते.”

आता इथं दहाव्याचं सांगायला पाहिजे.

बहिरूच्या दहाव्याला आम्ही मुळा नदीच्या घाटावर होतो. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर पाच-सहा बसले होते, बघत होते. आमच्याकडं अशा वेळी जवळच्यानं पुढं होऊन, मेलेल्याच्या मनात काय अडकलं असेल ते ओळखून, तो शब्द द्यायचा असतो. भाऊबंद बोलले. गोजराबाई बोलली. तास झाला. ऊन चढलं, माणसं पोटातल्या भुकेनं चुळबुळायला लागली. मग मी पुढं झालो, हात जोडले, आणि मोठ्यानं म्हणालो, “बहिरू, दिशाच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी माझ्याकडं लागली. माझ्या खिशातनं भरीन. एक रुपाया कमी पडू देणार न्हाई.”

कावळा उतरला. चोच लावली. साठ माणसांनी बघितलं.

लोकांनी माझी पाठ थोपटली. खरं सांगतो, मला भरून आलं. माझ्या शब्दाला बहिरूनं रेघ ओढली नाही, अशी ती पहिलीच वेळ.

दिशा म्हणजे त्याची पोरगी, तेव्हा अकरावीत. शेळ्या वळणारं घरात कुणी उरलं नव्हतं, त्या चाकणच्या बाजारात गेल्या. दीड वर्ष निघून गेलं. या पितृपंधरवड्यात गोजराबाई दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. एवढंच म्हणाली, “दिशाचं नाव लागलंय यादीत, भावजी. तीस तारखेपतुर पयली फी भरायची हाय. न्हाईतर जागा दुसऱ्याला देत्यात.”

मी तिला भाडेकरूंची एक लांबलचक गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन गेली. उषानं कावळ्यासाठी बाहेर ठेवलेलं पान संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

५

पौडला राजनंदिनी म्हणून एक वकीलबाई आहेत. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, पण कागद वाचताना चेहरा मास्तरणीचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, धमक्या आणि फोटोंची पोलिसांत तक्रार वेगळी करू, आणि देणं खरंच फिटण्यासारखं नसेल तर जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज करता येतो. कोर्टानं नादार ठरवलं की जे काही आहे ते कोर्ट वाटून टाकेल, आणि ही माणसं तुमच्या दारात येणं थांबेल.

मला नादार या शब्दाची लाज वाटायला हवी होती. मला तो शब्द गार पाण्यासारखा वाटला.

“पण यादी शपथेवर द्यायची,” त्या म्हणाल्या. “ज्याचं ज्याचं देणं आहे तो प्रत्येक जण. आणि तुमच्याकडे जे जे आहे ते सगळं. एक नाव लपवलंत तर सगळा अर्ज खोटा.”

मी अकरा नावं सांगितली. मालमत्तेत खोल्या, घर, एक म्हैस. बुलेट सांगितली नाही. ती जांब्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. त्या दिवशी चहाला थांबलो तो तिलाच बघायला चाललो होतो.

“आणखी कुणाचं? हातउसनं, तोंडी, काहीही?”

“न्हाई,” मी म्हणालो.

टेबलाखाली काहीतरी खरखरलं. सर्र. वकीलबाईंनी पाय वर घेतले. उंदीर झालेत फार, म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या.

६

तेवीस तारखेला मी सात नंबरमध्ये होतो. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि आता कडक ऊन. तापलेला पत्रा टक्, टक् वाजत होता. खोलीत भाडेकरूनं सोडलेली लोखंडी कॉट, भिंतीवर कुणाच्या तरी परीक्षेचं वेळापत्रक. दाराखाली चार बोटं फट, तिच्यातून उजेडाची पट्टी आत आलेली. मी कॉटवर बसून तिच्याकडं बघत होतो. कुणी आलं तर सावली पडेल, असा हिशेब.

बाराच्या सुमाराला शेजारच्या आठ नंबरमध्ये घुंगरू वाजलं.

आठ नंबरला दिवाळीपासून कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात. मी कान दिला. पुन्हा वाजलं, आणि मग खुरांचा आवाज, सिमेंटवर खूप खुरं जागच्या जागी हलल्यासारखा. गावात कुणाची तरी शेळी पडवीत आली असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग वास आला. भिजलेल्या घोंगडीचा. आणि तो आठ नंबरकडून येत नव्हता, दारातून येत होता.

नेमका तेव्हा फोन वाजला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी घाईनं उचलला.

“काका, कुठे आहात?” साहिल.

“साताऱ्याला,” मी कुजबुजलो. “भनीकडं आलोय. दोन दिवसांनी येतो.”

उजेडाच्या पट्टीत दोन पावलं येऊन उभी राहिली.

टायरच्या वहाणा. उजव्या वहाणेचा पट्टा तारेनं बांधलेला. टाचांना भेगा, त्यांत वाळलेला चिखल. पावलांच्या वर काही दिसत नव्हतं, आणि वाकून बघायची माझी तयारी नव्हती.

“एक मिनिट थांबा,” साहिल म्हणाला. “विचारून घेतो.”

त्यानं मला तसंच लाइनवर ठेवलं. फोनमध्ये काहीतरी बारीक संगीत वाजायला लागलं. बाहेर कुणाचाही फोन वाजला नाही. फक्त उजवा पाय हळूच वहाणेतून बाहेर आला, आणि अंगठा सिमेंटवर सरकायला लागला. सर्र. थांबला. सर्र. डांबरी रस्त्यावर रेघ उमटत नाही म्हणून बहिरू कुरकुरत जोर लावायचा, तसा जोर लावून. नख घासल्याचा आवाज माझ्या दातांत शिरला.

“काका,” साहिल परत आला. “ते म्हणतात, सात नंबर. दारात उभे आहेत म्हणे तुमच्या.”

मला काय झालं कुणास ठाऊक. माझ्या तोंडून निघालं, “व्हय. नांद्याला हाय. सात नंबरमदी हाय. खोटं बोललो.”

अंगठा थांबला. पाय वहाणेत गेला. पट्टी पुन्हा सलग झाली. आठ नंबरमधली खुरं एकापाठोपाठ एक पडवीतून निघून गेली. ती किती होती ते मोजायला मला कान पुरले नाहीत. फोनवर साहिलनं विचारलं, “काका, ये आदमी है कौन?” मी फोन बंद केला.

तीनला उषानं दार उघडलं. हातात झाडू होता. पडवीकडं बघत म्हणाली, “ह्या रेघा कुणी ओढल्या वं? दहाही दारांम्होरं हायेत.”

मी म्हणालो, कॉट सरकवताना पडल्या असतील. ती माझ्याकडं बघत राहिली. कॉट आतच होती, आणि तिच्या झाडूपुढं लेंड्यांचा ढीग होता. अजून ओलसर.

७

पंचवीसला वकीलबाईंनी सहीला बोलावलं. अर्ज टाइप होऊन आला होता. मी यादी वाचली. बँक, फायनान्स, ॲप, टँकरवाला, सिमेंटवाला, मेहुणा… अकरा नावं. आणि खाली, त्याच टायपात, बारावं. कुमारी दिशा, राहणार घोटावडे. पुढं रकमेची जागा कोरी.

हे कुणी घातलं, मी विचारलं.

“ॲपच्या कागदावर तुमच्या ओळखीचे म्हणून एक नंबर होता. मी प्रत्येक अशिलाचं असं विचारून घेते, माणसं विसरतात काही काही.” त्यांनी कागद जवळ ओढला. “त्यांना विचारलं, धनाजीरावांचं आणखी कुणाचं देणं आहे का. ते म्हणाले, दिशाचं ऱ्हायलंय. किती, विचारलं. म्हणाले, धनाजीला ठावं हाय. मागे फार आवाज होता, शेळ्यांचा की कसला. मग फोन कट झाला.”

  मग मी त्यांना दहाव्याची हकीकत सांगितली, वर तुम्हाला सांगितली तशीच. कावळा, उंबर, माझ्या खिशातनं भरीन. वकीलबाईंचा चेहरा मऊ झाला. म्हणाल्या, “काका, हे तर तुमच्या मनाच्या मोठेपणाचं झालं. दुःखात दिलेला शब्द म्हणजे कायद्यानं देणं नव्हे. कोर्ट विचारणारसुद्धा नाही. काढून टाकू?”

टेबलाखाली सुरू झालं. सर्र. सर्र. या वेळी वकीलबाईंना ऐकू आलं नाही, किंवा उंदरांची सवय झाली असेल. पेन माझ्या हातात होतं. एक आडवी रेघ मारली की मी सुटलो असतो. माझ्या पायाजवळ कुणीतरी माझ्या आधीच ती ओढत होतं.

उद्या येतो म्हणालो आणि उठलो.

८

आज सव्वीस. सकाळचे दहा वाजलेत, घरी जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहितोय. आठ वाजून गेले तरी साहिलचा फोन आला नाही, तेवीसपासून एकदाही आला नाही. उषा म्हणते, तक्रारीला भ्यालेत. असेल.

सुरुवातीला शपथ घेतली होती, तेव्हा यातलं बनवलेलं काय ते सांगून टाकतो. तुम्हाला वाटत असेल, दाराखालची पावलं. नाही, ती होती. शेळ्यांचा आवाजही होता. साहिल खरा, वकीलबाई खऱ्या, बिबट्या सोडला तर सगळं खरं.

बनवलेलं एवढंच: घाटावरचं माझं वाक्य. ‘माझ्या खिशातनं भरीन’ असं मी म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो, “बहिरू, तुझ्या बेचाळीस शेळ्या मी चाकणला नेतो. चांगल्या भावानं विकून देतो. पैसं दिशासाठी माझ्यापाशी ठेवतो, हात लावणार न्हाई.” कावळा उतरला तो या बोलण्यावर. गोजराबाईनं पुढच्याच शनिवारी शेळ्यांची दावी सोडून माझ्या हातात दिली, आणि एकदाही आकडा विचारला नाही. तीन लाख छत्तीस हजार आले. सात महिन्यांत बँकेच्या हप्त्यांत गेले. त्यानंतर मी ॲप उघडलं आणि ओळखीचा माणूस म्हणून त्याचंच नाव लिहिलं.

चौथा भाग लिहीत होतो तेव्हापासून या टेबलाखाली सर्र सर्र चालू होतं. सातव्यालाही चालूच होतं. उषा दोनदा येऊन वाकून बघून गेली. आता, हा आकडा लिहिला तिथं, ते थांबलं.

जांब्याच्या बुलेटला गिऱ्हाईक आहे. पहिल्या फीपुरते येतील. वकीलबाई रागावतील, अर्ज करायच्या आधी वस्तू विकली म्हणून; तर अर्ज लांबू दे, साहिल येऊ दे. बाराव्या नावापुढं उरलेला आकडा मी माझ्या हातानं भरीन. आणि तीस तारखेच्या आत पैसे घेऊन गोजराबाईच्या दारात जाईन.

हे शेवटचं वाक्य लिहून पेन खाली ठेवलंय, आणि कान देऊन बसलोय.

खोटं वाटत असेल तर बहिरूला विचारा.